17 सप्टेंबरवरच्या शॉर्टफिल्मला 'युद्धपट' म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की गावातल्या पोरांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामावर शॉर्टफिल्म केली, पोस्टरवर 'युद्धपट' छापलं आणि मास्तर म्हणले शब्द चुकला, तर नेमकं काय चुकलं. माझ्या मते मास्तरांचं बरोबर आहे.

युद्ध म्हणलं की दोन सत्ता आल्या, दोन फौजा आल्या. लढाई त्यामानानं एका ठिकाणची, म्हणून 1761 ची पानिपतची लढाई पण 1971 चं युद्ध. आणि लढा असतो लोकांचा, तो वर्षानुवर्षं चालतो, त्यात हत्यार असलंच पाहिजे असं काही नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा आपण लढाच म्हणतो ना, 1978 ला ठराव झाला आणि नामविस्तार व्हायला 1994 उजाडलं, पण त्याला युद्ध कुणीच म्हणत नाही.

आता 1948 चं बघा. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा निजामाच्या हैदराबाद राज्यात शिरल्या, 17 ला निजाम शरण आला, रणगाडे होते, विमानं होती, लष्करी नाव ऑपरेशन पोलो, तरी सगळीकडं नाव रुजलं ते 'पोलीस ॲक्शन', कारण युद्ध म्हणलं असतं तर हैदराबाद वेगळा देश आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं आणि निजामाचं सरकार तर तीच तक्रार घेऊन युनोत गेलेलं होतं. म्हणजे हा शब्द तेव्हाच जाणूनबुजून टाळलेलाय. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'रझाकारीत' (म्हणजे रझाकारांच्या दहशतीच्या काळात) नाहीतर 'पोलीस ॲक्शनच्या टायमाला' असंच म्हणतेत, डायलॉगमधे तेच ठेवा.

तुमची फिल्म नळदुर्गकडून घुसणाऱ्या पलटणीची असती तर युद्धपट चाललं असतं. पण तुम्ही लिहिलंय की गोष्ट निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवर मुक्तिसंग्रामातल्या लोकांचे जे कॅम्प होते, त्यातल्या एका कॅम्पला निरोप पोचवणाऱ्या बाईची आहे, मग ती लढ्याचीच झाली. 'लढापट' कानाला बरं लागत नाही, त्यापेक्षा 'मुक्तिलढ्यावरचा लघुपट' असं सरळ छापा.

दुसरं म्हणजे खाली 'एका स्त्रीची संघर्षगाथा' लिहिलंय ते काढाच. हल्ली प्रत्येक ट्रेलरमधे संघर्ष असतो, त्यामुळं तो शब्द पार गुळगुळीत झालाय. नवरा कॅम्पवर, घरात लेकरं, दारात कधी कोण येईल नेम नाही, अशा बाईनं 'दिवस काढले', 'खस्ता खाल्ल्या' म्हणा, ऐकणाऱ्याला लगेच पोचतं.

आणि रझाकार शब्द जपून वापरा. उर्दूत त्याचा अर्थ स्वयंसेवक, आपल्याकडं तो दहशतीचा झाला तो लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या हत्यारबंद संघटनेमुळं. तुमच्या ट्रेलरमधे मात्र रझाकार म्हणजे कुणीही मुसलमान असं वाटायलंय आणि ते खोटंय. रझाकारांविरुद्ध लिहिणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मधे हैदराबादेत खून झाला होता, त्यांच्यावर एक सीन नाही तर निदान एक वाक्य तरी घाला.