कुंद्याच्या डब्यावर नाव छापण्याआधी

बेळगावच्या शहापुरात कुंद्याचं, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईचं, दुकान घालतोयस, चांगलं केलंस. बोर्ड झकास रंगव, पण आधी कढईकडं बघ. दूध आटवताना घाई केलीस की डबा लवकरच आंबट वास सोडतो. पुण्या-मुंबईला गेलेलं गिऱ्हाईक तो परत आणून देत नाही. गप बसतं, आणि पुढच्या खेपेला शेजारच्या दुकानात जातं.

एका दिवाळीत मी शिळा माल ताज्यात मिसळला. एका मावशींनी डबा आणून झाकण उघडलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. पैसे परत दिले, हात जोडले, तरी त्यांच्या घरची लग्नाची ऑर्डर गेली ती गेलीच. अजून बोचतं. उरलेला माल मिसळू नकोस रे, टाकून दे.

सुट्या मिठाईपुढं ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. ती खरी लाव. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क लवकर नोंदव, तो १० वर्षं चालतो, मग नूतनीकरण. नुसतं ‘बेळगावी कुंदा’ नाव तुझ्या एकट्याचं होणार नाही, स्वतःचं वेगळं शोध. आणि गूगलवर कुणी वाईट लिहिलं तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी उत्तर दे, चूक आपली असेल तर ताजा डबा घरपोच कर.