वाचकांचे प्रश्न : नवे साहेब सगळ्यांसमोर बोलतात

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची आहे. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसला आहे, १४ वर्षं झाली. आमचे जुने साहेब मार्चमध्ये रिटायर झाले. त्यांच्या जागी आलेले साहेब माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत. सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आवाज चढवतात. मागच्या आठवड्यात ट्रेनी पोरांसमोर म्हणाले, "चौदा वर्षं नुसती खुर्ची उबवलीत का?" रात्री साडेदहाला ग्रुपवर स्टॉकचे आकडे मागतात. जुने साहेब असते तर ही वेळ आली नसती. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं. मुलगा दहावीला आहे. मी घरी आले की दारातच विचारतो, "आई, आज पण बोलले का गं?" राजीनामा टाकावासा वाटतो, पण घराचा हप्ता आहे. काय करू?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमचं पत्र जागेअभावी थोडक्यात छापलं आहे. मी मात्र पूर्ण, दोनदा वाचलं. ते खुर्चीचं वाक्य वाचून मला राग आला. चौदा वर्षं पहाटे उठून, डबे करून, कर्वे पुतळ्यापासून कंपनीची बस धरणाऱ्या बाईला असं बोलायचा अधिकार कुणालाही नाही. पहिल्यांदा हे सांगते, कारण पत्रात तुम्ही तीन ठिकाणी "माझंच काही चुकत असेल" असं लिहिलं आहे.

पण आणखी एक गोष्ट दिसली. "जुने साहेब असते तर" हे शब्द पत्रात चार वेळा आलेत. मीटिंगमध्येही येत असतील. नव्या माणसाला ते कसे लागतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी भोसरीतच एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात ३१ वर्षं काढली. १९९६ साली आमच्याकडे नवे मॅनेजर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओव्हरटाइमचं रजिस्टर माझ्या टेबलावर आपटलं. माझ्या अक्षरातल्या आकड्यांवर लाल पेनने गोल केले होते, पानापानावर. शिपाई चहा घेऊन उभा होता, त्याच्यासमोर. त्या दिवशी मी डबा न उघडता परत नेला. घरी सासऱ्यांनी कारण विचारलं, तर सांगता आलं नाही. ते स्वतः गिरणीत हिशेबनीस होते. ते एवढंच म्हणाले, "रोज काय होतं ते लिहून ठेव."

अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली. तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं, साहेब नेमके काय शब्द बोलले आणि विषय कुठल्या कामाचा होता, एवढंच लिहायचे. आपल्या मनाला काय वाटलं ते लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. वीस दिवसांनी पानं चाळली. तेरा वेळा विषय एकच, ओव्हरटाइम. आणि तेराही वेळा दहाच्या आधी. मग समजलं, दहा वाजता त्यांना मुंबईच्या हेड ऑफिसचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ओव्हरटाइमचाच असायचा. हातात आकडा नसायचा, म्हणून आमच्यावर आग पाखडायचे. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊला एक चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले : काल किती तास, कारखान्यातल्या कुठल्या शॉपला म्हणजे विभागाला, कशासाठी. महिनाभरात आरडाओरडा निम्म्याने कमी झाला. ते गोड झाले नाहीत, मलाही ते कधी आवडले नाहीत. पण पुढची चार वर्षं मी डबा खाऊन घरी गेले.

तुम्हीही अशी वही आजपासून लिहायला घ्या. हातात आकडा नसल्याचा राग तुमच्या खात्यात तर आणखी असणार. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणारं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, किती दिवस आधी सांगावे लागतात, दिवाळीत भट्ट्या बंद राहतात म्हणून माल कधी भरून ठेवायचा, कुठला व्हेंडर फोनवर हो म्हणतो आणि गाडी सोडत नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. जुन्या साहेबांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. या माणसाला त्यातलं काहीच माहीत नाही, आणि वरून विचारणारे त्याला विचारतच आहेत. रात्री साडेदहाचा मेसेज मला तिथूनच येताना दिसतो. तेव्हा येत्या सोमवारपासून मीटिंगच्या आधी एक पानी कागद द्या : कुठला पार्ट किती दिवस पुरेल, कुठली गाडी कधी निघाली, कुठे उत्पादनाची लाइन थांबायची भीती आहे आणि त्यावर तुम्ही काय केलंय. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आणि "पूर्वी आम्ही असं करायचो" ऐवजी "हे असं का करतो, सांगते सर" म्हणून पाहा.

हे झालं कामाचं. अपमानाचा विषय वेगळा आहे, तो कागद देऊन मिटणार नाही. त्यासाठी तोंडाने बोलावं लागेल. ज्या दिवशी बोलणी बसली त्या दिवशी नको, महिनाअखेरीला नको. एखाद्या शांत दुपारी, केबिनमध्ये, उभ्या उभ्या : "सर, कामात चूक असेल तर जरूर सांगा, मी दुरुस्त करीन. पण पोरांसमोर नको. मला केबिनमध्ये बोलवा, मी कामाची वही घेऊन येते." एवढंच बोला आणि थांबा. डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या, वाक्य मात्र पूर्ण करा. घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून ठेवा, ऐन वेळी शब्द पळतात. रात्रीच्या मेसेजबद्दलही तेव्हाच सांगा की लाइन थांबत असेल तर फोन करा, मी उचलीन. बाकीचे आकडे सकाळी बसमधून पाठवीन. आणि मग खरोखर रात्री उत्तर देऊ नका.

यानंतरही दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर वहीतल्या तारखांसकट एचआरला लेखी द्या. "साहेब फार बोलतात" या तक्रारीचं काय होतं, ते मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय : ऐकून घेतात, विसरतात. "अमुक तारखेला, इतक्या जणांसमोर, हे शब्द" असं लिहिलेलं पान फाइलला लावावंच लागतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी सगळ्याच वाचक भगिनींसाठी सांगते : बोलणं शरीरावर, दिसण्यावर, लगट करण्यावर गेलं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तिथे वाट पाहत बसू नका.

राजीनामा रागात देऊ नका, पण भीतीपोटी अडकूनही पडू नका. १४ वर्षांची ग्रॅच्युइटी तुमची आहे, स्वतःहून सोडलंत तरी. बेसिक आणि डीए मिळून समजा २६,००० असेल, तर २६ ने भागून १५ ने गुणायचं, म्हणजे वर्षाला १५,०००. चौदा वर्षांचे २,१०,०००. तुमच्या पगारपत्रकावरचा आकडा घालून आज रात्रीच हिशेब करा. पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी वळवून घ्या. नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे तेही बघून ठेवा. पर्चेसची १४ वर्षं गाठीशी असलेल्या माणसाला चाकणपासून रांजणगावपर्यंत विचारणारे आहेत. बायोडाटा तयार ठेवा. तो नुसता तयार आहे, एवढ्यानेही केबिनमध्ये बोलताना आवाज कापत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

रविवारची धडधड अंगावर काढू नका. या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन बीपी तपासा आणि त्यांना कारणही सांगा. मध्यरात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत.

वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका आणि बसमध्ये लिहू नका, शेजारी आपलीच माणसं बसलेली असतात. घरी, जेवणं आवरल्यावर दहा मिनिटं पुरतात. आणि मुलाला "काही नाही रे" म्हणू नका. आज काय झालं ते दोन वाक्यांत खरं सांगा, मग त्याच्या अभ्यासाचं विचारा. दहावीचा मुलगा आईची वाट बघत दारात उभा राहतो, तो उत्तर ऐकायलाच.