जागलीवर गाडीची बॅटरी किती वापरावी?

प्रश्न : आमचे शेत जंगलाला लागून आहे. हरभऱ्याचे घाटे भरू लागले की रानडुकरांमुळे रात्री जागलीला जावे लागते. शेतात वीज नाही, म्हणून डिझेल गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर लावून मुलाचा लॅपटॉप, दोन मोबाईल आणि एलईडी दिवा चालवतो. मागच्या आठवड्यात पहाटे गाडी सुरूच झाली नाही; दिवा मात्र तेव्हाही जळत होता. बॅटरी खराब झाली असे समजावे काय?
— एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : तसे लगेच समजू नका. दिवा जळतो म्हणजे गाडीही सुरू होईल, हा भरवसा मात्र सोडावा लागेल. बहुतेक लहान इन्व्हर्टर बॅटरीचे व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरल्यावरच बंद होतात आणि तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. दिव्याला एखादा अ‍ॅम्पिअर पुरतो, पण डिझेल इंजिनाच्या स्टार्टरला काही सेकंदांसाठी शेकडो अ‍ॅम्पिअर लागतात. त्यातच पहाटेच्या थंडीत ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो.

हिशेब करून पाहा. बॅटरी ६५ अ‍ॅम्पिअर-तासांची, म्हणजे एक अ‍ॅम्पिअर ६५ तास पुरेल इतकी, धरू. ४० वॉटचा लॅपटॉप इन्व्हर्टरमधील घट धरून ४ अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेतो, म्हणजे चार तासांचे १६ झाले. दोन मोबाईलचे मिळून ४ आणि रात्रभर जळणाऱ्या ९ वॉटच्या दिव्याचे ८ धरले, तर २८ अ‍ॅम्पिअर-तास गेले. हे नव्या बॅटरीचे गणित आहे. जुन्या बॅटरीत छापील क्षमतेइतकी वीज साठतच नाही.

गाडीच्या बॅटरीतील पातळ प्लेटा क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात. बॅटरी वारंवार जवळजवळ रिकामी केली की त्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरी अकाली जाते. म्हणून साधा मल्टिमीटर जवळ ठेवावा. सर्व उपकरणे काढून दहा-पंधरा मिनिटांनी मोजल्यास भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, तर १२.२ ला ती निम्मी उरलेली असते. तुम्ही १२.४ वर थांबावे.

इन्व्हर्टर तर शक्यतो टाळाच. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने पुन्हा ५ वर आणायचे, यात वीज फुकट जाते. मोबाईलला लायटर सॉकेटमधला यूएसबी चार्जर, दिवा १२ व्होल्टचा आणि लॅपटॉपला १२ चे १९ व्होल्ट करणारा कार अ‍ॅडॅप्टर घ्यावा. मात्र अ‍ॅडॅप्टरचे व्होल्टेज लॅपटॉपवरील आकड्याशी जुळवून घ्या. सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अ‍ॅम्पिअरचा असतो. तो उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नका.

जागल महिनाभर चालणार असेल, तर सोलरसाठी मिळणारी, वारंवार उतरणे सोसणारी ट्युब्युलर बॅटरी आणि लहान पॅनेल वेगळे घेणेच परवडेल. तिच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच फ्यूज बसवा, आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघत असल्याने ती बंद झोपडीत किंवा शेकोटीजवळ ठेवू नका.