पाणलोट निरोगी आहे का? आधी ओढ्यातला दगड उलटा

प्रश्न : डोंगरातल्या ओढ्याचं पाणी इतकं नितळ आहे की तळ दिसतो. मग तपासणी कशाला?

नितळपणावर जाऊ नका. नायट्रेटला रंग नसतो, आम्लालाही नसतो. आम्लामुळे जीवसृष्टी संपलेला ओढा तर कधीकधी जास्तच नितळ दिसतो.

उथळ, खळाळत्या पाण्यातला मुठीएवढा दगड अलगद उचला आणि खालची बाजू बघा. मागे दोन लांब धागे असलेला चपटा किडा बहुधा स्टोनफ्लायचं पिल्लू. धागे तीन आणि पोटाच्या कडांना हलणारे कल्ले असतील, तर मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची अळी. या तिन्ही गटांतल्या बहुतेकांना थंड आणि भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. हे गायब आणि नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील, तर काहीतरी बिनसलंय. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे त्या कमी प्राणवायूतही तगतात. बाटलीतला नमुना त्या क्षणापुरतं सांगतो. हे किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहिलेले असतात. म्हणून मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रश्न : उतार हिरवेगार आहेत. उपग्रहचित्रातही हिरवंच दिसतं. एवढं पुरेसं नाही?

नाही. एकाच जातीची दाट लागवडही वरून हिरवीच दिसते. खाली पालापाचोळ्याचा थर आहे का, माती भुसभुशीत आहे का, ते बघा. पाणी मुरतं तिथे. जोराच्या सरीनंतर ओढा घटकाभरात फुगून लगेच ओसरत असेल आणि कोरड्या दिवसांत आटत असेल, तर उतार पाणी धरत नाही, असा संशय घ्या. कच्चे रस्तेही तपासा. गाळाचा मोठा वाटा पुष्कळदा तिथूनच येतो.

झाडांचं काम किती खोलवर चालतं हे अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात दिसलं. 1965 च्या अखेरीस तिथल्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड जागच्या जागी ठेवलं, नवी वाढ तणनाशकाने रोखली. ओढ्याचं पाणी वाढलं आणि त्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वर गेलं. मुळं शोषून घेत होती ते जमिनीचं पोषण ओढ्यावाटे निघून चाललं होतं.

प्रश्न : 2,000 मीटर उंचीवर, 20 अंश सेल्सिअस पाण्यात मीटरने विरघळलेला प्राणवायू लिटरला 7 मिलिग्रॅम दाखवला. धोका आहे?

त्या आकड्यात तरी नाही. समुद्रसपाटीला याच तापमानात 9 च्या आसपास मावतो; उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून 7 म्हणजे जवळपास काठोकाठ. नोंदवहीत संपृक्ततेची टक्केवारीही लिहा, म्हणजे जितका प्राणवायू मावू शकतो त्याच्या किती टक्के आहे ते. आणि एकदा पहाटे मोजा. शेवाळ फार असेल, तर दुपारी उत्तम दिसणारा आकडा तेव्हा घसरलेला सापडेल.

प्रश्न : मोजमाप कुठे करावं?

फक्त पायथ्याशी नको. तिथे सगळं मिसळून जातं. माथ्याजवळच्या छोट्या ओहोळांत वेगवेगळं मोजा. तुलनेसाठी साधारण तेवढ्याच उंचीचा, तशाच खडकावरून येणारा आणि माणसाचा हात कमी लागलेला ओढा निवडा. खडक वेगळा असेल, तर पाण्यातल्या क्षारांची तुलना फुकट जाते.