होकायंत्राची सुई खरंच फिरते

राजापूर तालुक्यात माहेर असलेल्या एका ताईंचं न्यू जर्सीहून पत्र आलंय. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, परग्रहावरच्यांनी कोरली. रोज नवा व्हिडिओ. परवा कॉलवर तो आजोबांना म्हणाला, "तुमच्यापासून खरं लपवलंय." आजोबा गप्पच झाले. ताई विचारतात, मोबाइल काढून घेऊ का?

ताई, नका घेऊ. घेतलात तर लपवणाऱ्यांत आईही सामील, एवढंच त्याला कळेल. आणि मला या मुलाचं मनापासून कौतुक वाटतं. आजोळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काय कोरलंय याचा ध्यास तिकडे वाढलेल्या किती मुलांना लागतो?

त्याच्या शेजारी बसून एक व्हिडिओ अख्खा बघा. त्यात बहुतेक राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे हे गाव येईलच. तिथल्या मानवाकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. हे खरं आहे, आणि खरं आहे असं आधी तुम्हीच म्हणा. आई 'काहीतरीच!' म्हणणार, अशी त्याची खात्री असते. मग विचारा, सुई फिरण्यापासून परग्रहापर्यंत कसा पोचलास? मधल्या पायऱ्या सांग. तिथल्या जांभ्या दगडात लोह भरपूर असतं आणि खडकातल्या चुंबकत्वाने सुई हलू शकते, हे त्याचं त्याला शोधू द्या. अशा कथांमध्ये चार गोष्टी खऱ्या असतात आणि मध्येच एक लांब उडी असते. ती नेमकी कुठे मारली यावर मुलाला बोट ठेवता आलं, की पुढच्या व्हिडिओत तो आपणहून ती शोधतो. या वयात एवढं एक आलं तरी मी समाधान मानीन.

'ही चित्रं फक्त आकाशातूनच दिसतात' हेही तो म्हणत असेल. हल्लीचे बरेच फोटो ड्रोनचे असतात, म्हणून तसं वाटतं. सड्यावर गुरं नेणाऱ्यांना ही चित्रं पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. ती कोणी ड्रोनमधून पाहिली नव्हती. आजोबांनाच विचारायला सांगा. त्यांचं दुखावलेपणही त्याने जाईल.

व्हिडिओवाला ठामपणे वय सांगतो. अभ्यासकांत मात्र काळाबद्दल एकमत नाही. काही जण मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या काळापर्यंत, मागे जातात. 'अजून ठरलेलं नाही' असं म्हणणारा माणूस जास्त भरवशाचा असू शकतो, हे मुलांना पटायला वेळ लागतो. लागू दे.

तपासायची रीत सोपी आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांच्यापैकी संकेतस्थळांचा भरवसा कोण कसा तपासतो, याची तुलना केली होती. तपासनीस समोरच्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसरे टॅब उघडून, हे सांगणारा कोण आणि इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, ते त्यांनी पाहिलं. मुलाला हेच करायला लावा. व्हिडिओतला फोटो गूगल लेन्सवर टाकला, तर तो कोकणातला आहे की दुसऱ्याच देशातला, याचाही बहुतेक वेळा छडा लागतो.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण मुलं आपल्याकडे बघतात. 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज घरच्या ग्रुपवर किती वेळा फिरला? २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं आपल्यातल्या कितीजणांनी पुढे पाठवलं? दोन्ही खोटं होतं. "मीही फसले होते" असं त्याच्यासमोर म्हणा. मग दोघं मिळून युनेस्कोच्या संकेतस्थळावर कातळशिल्पं शोधा. २०२२ साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. संभाव्य यादीत असणं म्हणजे जागतिक वारसास्थळ होणं नव्हे, पण असं सांगणारे मेसेज तुम्हाला आपल्या लोकांकडूनच येतील. तो फरक मुलाने पकडला, तर आजोबांना त्यानेच फोन करून सांगू दे.

डिसेंबरात येताय ना? पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, तोवर ते वाळलेलं असेल. होकायंत्र आणा, फोनमधलं नको, साधं सुईचं. कातळ तापायच्या आत सकाळीच निघा, आजोबांना बरोबर घ्या. सुई आकृतीवर किती फिरते आणि दहा पावलं बाजूला किती, हे मुलाला वहीत लिहू दे. कोरलेल्या रेघांवर मात्र पाय पडू देऊ नका.