संगणक-शंका : बटण दाबल्यापासून सात मिनिटं

प्रश्न : घरी २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय-३ प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. एक दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, दुसरा म्हणतो रॅम वाढवा. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तूर्त कुणाचंच नाही. आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि ही सात मिनिटं कुठे जातात ते टिपा. टप्पे तीन आहेत : बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत, चिन्हापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा शांत होईपर्यंत.

पहिला टप्पा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा. त्याला १०-२० सेकंदं पुरतात. मिनिटभर लागत असेल तर विंडोजचा काही दोष नाही. मागे विसरलेला पेनड्राइव्ह, प्रिंटरच्या स्लॉटमधलं कार्ड, बूट ऑर्डरमध्ये (संगणकाने कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) सर्वांत वर राहिलेलं नेटवर्क बूट किंवा वेळेवर उत्तर न देणारी डिस्क, यांतलं काहीतरी असतं. यूएसबीवरचं कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा आणि पुन्हा वेळ मोजा.

तुमच्या जोडणीत मात्र बहुतेक वेळ तिसऱ्या टप्प्यात जात असणार, आणि त्याचं कारण डिस्क. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) डिस्कला एक फेरा घ्यायला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारं हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी तेवढाच वेळ. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचताना सेकंदाला शंभरच्या आतबाहेर वाचनं होतात. विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या फायली मागते, त्यात अँटीव्हायरस त्याच फायली तपासायला घेतो, आणि अपडेट व सर्च इंडेक्स रांगेत उभे असतात. एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) हेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात जमतं.

खात्री करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘मोअर डिटेल्स’ वर जा. पहिली पाच मिनिटं डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसर २०-३० वर असेल तर निदान झालं. तिथेच ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये ‘हाय’ शेरा असलेले प्रोग्राम डिसेबल करा : मीटिंगची ॲप्स, टॉरेंट, पीडीएफवाल्यांचे अपडेटर, वापरत नसाल तर वनड्राइव्ह. ‘विंडोज सिक्युरिटी’, मराठी टायपिंगचं साधन आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर राहू द्या. डिसेबल केल्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. याने वेळ थोडा वाचेल. सातचं एक मिनिट होणार नाही.

पुढे जाण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यू’मध्ये शून्याखेरीज काही दिसलं, विशेषतः सी५ मध्ये, तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) पुन्हापुन्हा वाचायच्या धडपडीतही बूट लांबतं, आणि अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे पैसे घालवणं. फक्त सी७ वाढलेला असेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी तार) बदला. डिस्क ठीक असू शकते.

आता खर्चाकडे. २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, तुम्हाला पुरेल. एच ६१ वर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे खोक्यावर लिहिलेले सेकंदाला ५०० एमबी मिळणार नाहीत, साधारण निम्मे मिळतील. बूटमध्ये तो फरक जाणवत नाही, कारण तिथे छोट्या फायलींचं वाचन महत्त्वाचं असतं. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना ‘आयडीई’ असेल तर सरळ ‘एएचसीआय’ करू नका, विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’च्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोड उघडल्यावर टिक काढा आणि पुन्हा रिस्टार्ट करा.

विंडोज नव्याने टाकायची गरज नाही, क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब प्रत, चालतो. इथे एक गोष्ट हमखास चुकते. सी ड्राइव्हसोबत १०० ते ५०० एमबीचं ‘सिस्टम रिझर्व्ड’ नावाचं छोटं पार्टिशन असतं, तेही क्लोन करायलाच हवं. क्लोननंतर जुन्या डिस्कची केबल काढून पहिलं बूट फक्त एसएसडीवरून करा. जुनी डिस्क जोडलेलीच ठेवलीत तर संगणक तिच्या त्या छोट्या पार्टिशनवरून उठत राहील, तुम्हाला पत्ता लागणार नाही, आणि ती डिस्क गेली त्या दिवशी एसएसडीही उठणार नाही. सगळं नीट चाललं की डेटासाठी ती पुन्हा लावा.

रॅम नंतर. ८ जीबी केल्याने ब्राउझरला श्वास घेता येईल, पण डिस्क तीच राहिली तर बूट फारसं सुधारणार नाही. डीडीआर-३ प्रकारची, १३३३ किंवा १६०० वेगाची ४ जीबीची पट्टी घ्या. बाजारात स्वस्तातल्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर संगणक उठतच नाही. कॅबिनेट दुकानात नेऊन लावून बघूनच पैसे द्या.

यापलीकडे या संगणकावर खर्च करू नये असं आमचं मत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. टायपिंग, मेल आणि यूट्यूब एवढंच काम असेल तर त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठीही लिहिता येतं.

प्रश्न : रोज सकाळी काळ्या पडद्यावर ‘एफ-१ दाबा’ असा संदेश येतो आणि घड्याळ जुनीच तारीख दाखवतं.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. घड्याळवाल्याकडे मिळेल. विजेची पिन काढा, सेल बदला, अधिकची बाजू वर ठेवा. मग बायोसमध्ये तारीख, बूट ऑर्डर आणि साटा मोड तपासा, कारण सेल संपला की या सेटिंग्ज मूळपदाला जातात. तारीख चुकीची असेल तर बँकेच्या वेबसाइटही सर्टिफिकेटची तक्रार करतात, तीही थांबेल.

प्रश्न : संगणक रोज रात्री बंद करतो, तरी टास्क मॅनेजर ‘अप टाइम’ १९ दिवस दाखवतो. बिघाड आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. हार्ड डिस्क असेल तर याने वेळ वाचतो, म्हणून बंद करू नका. पण ड्रायव्हरमधली अडकलेली गडबडही तशीच पुढे येते. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं, म्हणून आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रिस्टार्ट द्या. एसएसडी लावल्यावर ही सोय बंद केली तरी फारसं बिघडत नाही.

प्रश्न : आमचा संगणक फक्त रविवारी उघडतो आणि तेव्हा पहिला अर्धा तास हलतच नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आठवडाभराची साठलेली अपडेट्स, अँटीव्हायरसच्या नव्या याद्या आणि देखभालीची कामं एकदम सुरू होतात. काम संपल्यावर लगेच बंद केलंत तर उरलेलं पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. एका रविवारी दोन-तीन तास नुसता चालू ठेवा, रिस्टार्ट द्या, मग फरक पाहा.

प्रश्न : वीज गेल्यापासून दर वेळी बूट होताना ड्राइव्ह तपासणी चालते. दहा मिनिटं जातात.
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : अचानक वीज गेली की विंडोज त्या ड्राइव्हवर ‘तपासायचा आहे’ अशी खूण ठेवतं. तपासणी एकदा पूर्ण होऊ दिली की खूण निघते. मध्येच कळ दाबून टाळली तर तशीच राहते. पूर्ण होऊनही दुसऱ्या दिवशी परत येत असेल तर डिस्क खराब होत असावी, वर सांगितलेली सी५ ची ओळ पाहा. यूपीएस असूनही संगणक पडत असेल तर त्याची बॅटरी तपासून घ्या.

प्रश्न : घरीच लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. फॉन्ट हजारांच्या वर आहेत. त्याचा बूटशी संबंध आहे का?
– एक वाचक, नगर

उत्तर : आहे. इन्स्टॉल केलेल्या सगळ्या फॉन्टची नोंद विंडोजला सांभाळावी लागते, आणि कोरलसारखे प्रोग्रामही उघडताना ती पूर्ण यादी चाळतात. वापरातले शंभर-दीडशे ठेवा, बाकीच्यांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून मगच अनइन्स्टॉल करा, लागेल तेव्हा परत टाका. निर्मला आणि सेगो या फॉन्टना हात लावू नका, पडद्यावरची मराठी आणि विंडोजचे मेनू त्यांच्यावर चालतात.

प्रश्न : ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’मध्ये प्रोसेसरची संख्या ४ निवडली की बूट जलद होतं, असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ती सेटिंग चाचणीसाठी प्रोसेसरची संख्या कमी करायला असते. न निवडता विंडोज सगळे कोअर वापरतंच. शेजारच्या ‘मॅक्सिमम मेमरी’त चुकीचा आकडा पडला तर उलट रॅम कमी होईल. दोन्ही टिक काढून टाका.