पाडलेला पब पुन्हा कसा उभा राहिला?

प्रश्न : लंडनमध्ये विनापरवाना पाडलेला एका वस्तीतला जुना पब मालकाला ‘विटेवर वीट रचून’ पुन्हा बांधावा लागला, असे वाचनात आले. हा पब कोणता, त्याचा इतिहास काय, आणि ती इमारत वारसा यादीत नसतानाही असा आदेश कसा देता आला?

उत्तर : आपण ज्याविषयी वाचले, तो पब म्हणजे कार्लटन टॅव्हर्न. लंडनच्या वायव्येकडील किलबर्न भागात, वेस्टमिन्स्टर नगर परिषदेच्या हद्दीत, कार्लटन व्हेल या रस्त्यावर तो आहे. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे आखूड रूप आहे. ब्रिटनमधल्या वस्तीतला पब केवळ मद्यपानाची जागा नसतो. शेजारीपाजारी संध्याकाळी तिथे जमतात, आणि बारशापासून अंत्यविधीपर्यंतच्या प्रसंगांनंतर आप्तमंडळी तिथेच एकत्र बसतात. तो पाडला गेल्यावर इतका क्षोभ का उसळला, हे त्यावरून ध्यानात यावे.

या जागेवरचा आधीचा पब पहिल्या महायुद्धात, १९१८ मधील जर्मन हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाला. त्याच्या जागी चॅरिंग्टन या बिअर बनवणाऱ्या कंपनीने १९२०–२१ मध्ये नवा पब बांधला. महायुद्धानंतरच्या त्या काळात पबला प्रतिष्ठित रूप द्यावे, मद्याबरोबर जेवणाचीही चांगली सोय असावी, असा विचार इंग्लंडमध्ये मूळ धरत होता. कार्लटन टॅव्हर्नचे खरे वैशिष्ट्य हे, की पुढच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत त्याच्यात फारसा फेरफार झालाच नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या झिलईदार टाइल्समध्ये घडवलेली अक्षरे आणि आतली १९२० च्या दशकातली सजावट जशीच्या तशी टिकली होती. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात त्या रस्त्यावरच्या इतर इमारती गेल्या, हा मात्र वाचला, असे तिथले रहिवासी अभिमानाने सांगत आले आहेत.

जानेवारी २०१५ मध्ये तो पाडून तिथे दहा सदनिका बांधण्याचा मालक कंपनीचा प्रस्ताव नगर परिषदेने फेटाळला. दरम्यान ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही वारसाविषयक संस्था त्याला दुसऱ्या श्रेणीच्या वारसा यादीत घेण्याच्या विचारात होती. निर्णय अगदी तोंडावर आला असताना, ईस्टरच्या सुटीनंतर लगेच, ८ एप्रिल २०१५ रोजी, बुलडोझर आला आणि इमारत जमीनदोस्त झाली. इमारतच उरली नाही, तेव्हा ती यादीत घेण्याचा प्रश्नही संपला.

आता आपल्या प्रश्नाचा कळीचा भाग. यादीतली इमारत परवानगीवाचून पाडणे हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे; कार्लटन टॅव्हर्नला ते संरक्षण मिळालेले नव्हते. परंतु नियोजनाच्या कायद्याचा भंग झाला असेल, तर तो दूर करण्याची नोटीस काढण्याचा वेगळा अधिकार स्थानिक परिषदेला असतो, आणि त्यासाठी इमारत यादीत असण्याची गरज नसते. वेस्टमिन्स्टरने तोच अधिकार वापरला आणि पाडण्याच्या क्षणी पब जसा होता तशीच हुबेहूब प्रतिकृती बांधण्याचा आदेश दिला. मालक कंपनीने अपील केले; मे २०१६ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि जुलैमध्ये नियोजन निरीक्षकाने अपील फेटाळून बांधकामासाठी दोन वर्षांची मुदत दिली. परिषदा बहुधा दंडावर किंवा तडजोडीवर थांबतात; म्हणूनच हा निर्णय विलक्षण ठरला. वृत्तपत्रांतला ‘विटेवर वीट’ हा शब्दप्रयोग मात्र शब्दशः घेऊ नये. आदेश हुबेहूब प्रतिकृतीचा होता, जुनीच प्रत्येक वीट परत लावण्याचा नव्हता.

तरीही ‘हुबेहूब’ म्हणजे नेमके कसे, हे ढिगाऱ्याकडे पाहून कोणी सांगू शकले नसते. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम पाडकामाच्या आधीच झाले होते. काहीतरी घडणार अशी कुणकुण रहिवाशांना लागली होती, आणि त्यांच्या आग्रहामुळे वारसा तज्ज्ञांनी टाइल्सचे प्लास्टरचे साचे घेतले, छायाचित्रे काढली आणि इमारतीची तपशीलवार नोंद करून ठेवली. या नोंदींमुळे प्रतिकृती कशी असावी हे ठरवता आले; एरवी तो आदेश कागदावरच राहण्याची भीती होती. रहिवाशांच्या या दूरदृष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते.

कायद्यातही पुढे सुधारणा झाली. इंग्लंडमध्ये मे २०१७ पासून कोणताही पब पाडण्यासाठी किंवा त्याचे दुकानात रूपांतर करण्यासाठी रीतसर नियोजन परवानगी घ्यावी लागते. त्यानेही सारे पब वाचलेले नाहीत. स्टॅफर्डशरमधला ‘क्रुकेड हाउस’ हा खाणकामामुळे जमीन खचून कललेला, १७६५ मध्ये बांधलेल्या घरातला प्रसिद्ध पब ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री जळाला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. तिथल्या परिषदेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पूर्ववत बांधण्याचा आदेश काढला.

कार्लटन टॅव्हर्नच्या बांधकामाला मुदतीपेक्षा बराच अधिक काळ लागला. एप्रिल २०२१ मध्ये, पाडल्यानंतर सहा वर्षांनी, त्याची दारे पुन्हा उघडली. करोनाच्या निर्बंधांमुळे तेव्हा इंग्लंडमधल्या पबना फक्त उघड्यावरच ग्राहकांना बसवण्याची मुभा होती. ज्यांनी या इमारतीसाठी सहा वर्षे झगडा केला, त्यांनाही आत बसण्यासाठी १७ मेपर्यंत थांबावे लागले.